श्वान-ग्रूमर व्हायचंय? प्रशिक्षण पारखून घ्या

कुत्रा म्हणजे अंगणातला राखणदार, आणि त्याची अंघोळ म्हणजे रविवारी नळाखाली दोन बादल्या पाणी, असं एकेकाळी समीकरण होतं. आता शिह त्झू, ल्हासा अप्सो, पूडल अशा जातींचे कुत्रे फ्लॅटमध्ये राहतात, सोफ्यावर झोपतात. यांचे केस माणसांसारखे सतत वाढत असतात. ते वेळच्या वेळी विंचरले-कापले नाहीत, तर जटा होऊन कातडी ओढली जाते आणि कुत्र्याला वेदना होतात. म्हणूनच मोठ्या शहरांत ग्रूमरला मागणी आहे आणि हे काम शिकवणारे वर्गही निघाले आहेत. दोन दिवसांच्या कार्यशाळेपासून काही महिन्यांच्या अभ्यासक्रमापर्यंत सारं काही मिळतं. प्रश्न आहे तो निवडीचा.

प्रमाणपत्रावर भुलू नका

पशुवैद्याला १९८४ च्या कायद्यानुसार नोंदणी करावीच लागते. ग्रूमरसाठी मात्र आपल्याकडे अशी सक्तीची देशव्यापी नोंदणी नाही. त्यामुळे सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र कोणीही छापून देऊ शकतं. परदेशात, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, 'सिटी अँड गिल्ड्स'सारख्या संस्था ग्रूमिंगची परीक्षा घेतात. आपल्या वर्गाचा अशा संस्थेशी संबंध असल्याचं सांगितलं जात असेल, तर त्या संस्थेकडे पत्र पाठवून खात्री करून घ्या. घरच्यांच्या बचतीतून फी भरायची, तर एवढी चौकशी हवीच.

हाताखालून किती कुत्रे जातील?

फी भरण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा. काही ठिकाणी सराव केवळ केसांचे टोप चढवलेल्या पुतळ्यांवर होतो. कात्री धरायला शिकण्यासाठी ते ठीक आहे, पण पुतळा दचकत नाही, पाय मागे ओढत नाही आणि चावतही नाही. म्हणून जिवंत कुत्रे किती, कोणकोणत्या जातींचे आणि एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, हे स्पष्ट विचारा. व्हिडिओवरून घरबसल्या शिकवणारे वर्ग जातींची माहिती देतील, हाताला वळण मात्र लावू शकणार नाहीत.

अभ्यासक्रमात काय हवं?

कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा नाजूक असते. माणसांचा शाम्पू तिला मानवत नाही, हे कारणासह शिकवलं जावं. जटा अंघोळीआधीच सोडवायच्या, कारण ओल्या झाल्यावर त्या अधिक घट्ट होतात. पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड, हस्की यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. उन्हाळा आहे म्हणून त्यांची सरसकट हजामत केली, तर कातडीला ऊन लागतं आणि केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच, असं नाही. नखाच्या आत रक्तवाहिनी असते. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून थोडं थोडंच कापायचं. तरी रक्त आलं, तर थांबवायचं कसं, हेही यायला हवं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला गरम हवेच्या बंद पेटीत वाळवणं तर जिवावर बेतू शकतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे कुत्र्याची देहबोली. ओठ चाटणं, तोंड वळवणं, अंग ताठ करणं या खुणा ओळखून जो शिक्षक हात थांबवतो, तो खरा शिक्षक. घाबरलेल्या कुत्र्याला चार जणांनी दाबून धरून काम उरकलं जात असेल, तर तिथून सरळ परत फिरा.

फी भरण्यापूर्वी एवढं कराच

• एक पूर्ण दिवस वर्गात बसून काम पाहण्याची परवानगी मागा. नकार मिळाला, तर दुसरीकडे जा.
• जुन्या दोन-तीन विद्यार्थ्यांना भेटा. आज ते हेच काम करतात का, ते विचारा.
• फीमध्ये कात्र्या, क्लिपर, ब्रश येतात की वेगळे घ्यावे लागतात, ते लेखी घ्या.
• टेबल, टॉवेल, कात्र्या दर कुत्र्यानंतर स्वच्छ होतात का, ते पाहा. गोचिडी आणि त्वचारोग इथूनच पसरतात.
• डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीज प्रतिबंधक लस आधीच घ्या. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. लस घेतलेली असली, तरीही.

आधी अंगमेहनत आजमावा

हे काम कुत्र्यांशी खेळण्याचं नाही. दिवसभर उभं राहणं, ओले कपडे, नाकातोंडात केस आणि पाठदुखी हे रोजचंच. शक्य असेल, तर फी भरण्याआधी एखाद्या चांगल्या ग्रूमरकडे आठ-पंधरा दिवस मदतनीस म्हणून राहा. नुसती अंघोळ घालणं, वाळवणं, विंचरणं एवढंच केलंत, तरी हे काम आपल्याला झेपेल की नाही, ते कळेल.

आणखी एक गोष्ट. कानातली दुर्गंधी, कातडीखालची गाठ, हिरड्यांची सूज हे बऱ्याचदा मालकाआधी ग्रूमरच्या लक्षात येतं. अशा वेळी स्वतः औषध न देता कुत्र्याला पशुवैद्याकडे पाठवायला जिथे शिकवतात, तिथे फी थोडी जास्त असली, तरी तोच वर्ग निवडा. मालक आपलं लाडकं जनावर तुमच्या भरवशावर सोडून जाणार आहे. तो भरवसा टिकला, तरच तुमचा व्यवसायही टिकेल.