अनोळखी दारे: हॉलंड ते कॉन्स्टँटिनोपल, १९३३-३४

पॅट्रिक ली फर्मर हा इंग्रज तरुण डिसेंबर १९३३ मध्ये हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि १९३४ सरता सरता कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे इस्तंबूलला, पोचला. प्रवास एकट्याने आणि बहुतेक पायी. निघताना वय १८, खर्चाला आठवड्याला एक पौंड. एवढ्यात रोज भाड्याची खोली परवडणे शक्य नव्हते, त्यामुळे रात्रीचा आसरा पुष्कळदा अनोळखी माणसांवरच अवलंबून राहिला.

सुरुवात डॉर्डरेख्तच्या धक्क्याजवळच्या एका खाणावळीत झाली. जेवता जेवता तो टेबलावरच झोपी गेला. कोणीतरी उठवून त्याला वरच्या खोलीत नेले. सकाळी पैसे घेतले ते फक्त जेवणाचे. पुढे हॉलंडमध्ये पोलीस चौकीची रिकामी कोठडी वाटसरूला रात्रीपुरती मिळे. जर्मनीतल्या खेड्यांत नगराध्यक्षाची चिठ्ठी दाखवली की गावच्या खाणावळीत जेवण, बिअर आणि बिछाना मिळे. ही कोणा एकाची मेहेरबानी नव्हती. फिरस्त्या गरिबांसाठी चालत आलेली रीत होती.

त्याच जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन वर्ष होत आले होते. हायडेलबर्गला एका खाणावळीच्या मालक दांपत्याने नववर्षाच्या दिवसांत त्याला घरच्यासारखे ठेवून घेतले आणि तिथेच एक तरुण, केवळ तो इंग्रज म्हणून, त्याच्यावर गुरकावला. प्रेम आणि द्वेष एकाच छताखाली भेटत होते.

म्युनिकमध्ये पाठीवरची पिशवी चोरीला गेली. तिच्यात पासपोर्ट, पैसे आणि रोजनिशी होती. या चोरीने प्रवासाची जातच बदलली. बाल्टिक प्रदेशातून परागंदा झालेल्या एका सरदार कुटुंबाने त्याला नवी पिशवी दिली, होरेसच्या कवितांची सतराव्या शतकातली प्रत दिली आणि पुढच्या वाटेवरच्या स्नेह्यांना पत्रे धाडली. एका गढीतून दुसरीकडे पत्र जाई आणि तिथे पाहुण्याची वाट पाहिली जाई. हंगेरीत तर मैदान ओलांडायला घोडाही मिळाला.

तरीही सर्वांत जिवंत व्यक्तिचित्र गढीतले नाही. व्हिएन्नात पैसे संपले तेव्हा मुक्तिफौजेच्या वसतिगृहात कॉनराड नावाचा फ्रिसियन बेटांवरचा माणूस भेटला. शेक्सपिअर वाचून इंग्रजी शिकल्यामुळे त्याची बोली जुन्या वळणाची झाली होती. घरोघर जाऊन माणसांची पेन्सिलचित्रे काढावीत ही युक्ती त्याचीच. फर्मर दार वाजवी, कॉनराड बाहेर थांबून धीर देई. पुढे मिळकतीतल्या वाट्यावर कॉनराडने सॅकरीनच्या चोरट्या व्यापाराचा घाट घातला.

रुमानियाच्या डोंगरात लाकूडतोडीच्या कामावरचा एक ज्यू मुकादम आणि त्याचा रब्बी असलेला भाऊ भेटले. हौसेपायी कोणी इतके चालते, हे त्यांना पटेना. पण पाहुण्याने हिब्रू ऐकायची इच्छा दाखवताच धर्मग्रंथ उघडला गेला आणि शेकोटीसारखी ऊब त्या बोलण्यात आली.

हे सारे छापून आले फार उशिरा: पहिला भाग १९७७ मध्ये, दुसरा १९८६ मध्ये, तिसरा लेखकाच्या मृत्यूनंतर, २०१३ मध्ये. पहिली रोजनिशी गेलेली, म्हणून हॉलंड-जर्मनीचे वर्णन मुख्यतः आठवणीवर उभे आहे. तिथले संवाद शब्दशः धरता येत नाहीत. मधल्या काळात महायुद्ध झाले. हायडेलबर्गच्या त्या घरातला मुलगा नॉर्वेत मारला गेला. हंगेरी-रुमानियातल्या जमीनदारांच्या गढ्या जप्त झाल्या.

चोरीनंतर लिहिलेली दुसरी रोजनिशी रुमानियाच्या बालाशा कांताकुझिनो हिच्याकडे राहिली होती. प्रवासानंतर तिची आणि फर्मरची अथेन्समध्ये गाठ पडली आणि १९३९ पर्यंत दोघे एकत्र राहिले. १९४९ मध्ये सरकारी माणसांनी तिला वाड्याबाहेर काढले. सामान बांधायला पाव तास दिला. त्या पाव तासात तिने ती वहीही उचलली. १९६५ मध्ये फर्मर रुमानियात तिला भेटायला गेला, तेव्हा तिने ती त्याच्या हाती दिली.