संगणकाची 'मुदत' : कंपनीचा करार व्यापाऱ्याने समजून घ्यावा

कापडाच्या पेढीवर वहीबरोबर आता संगणकही आलाच. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि तोपर्यंत ज्यांनी मशीनला हात लावला नव्हता त्यांनाही बिल, रिटर्न आणि पुढे ई-वे बिलासाठी संगणक घ्यावा लागला. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्यांना इतर व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीचे ई-इन्व्हॉइस करणेही सक्तीचे झाले. म्हणजे संगणक ही आता चैनीची वस्तू राहिली नाही. तराजू आणि गज यांच्या रांगेत ती येऊन बसली आहे.

अशा वेळी मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' चा सपोर्ट संपवला आणि बाजारात दोन प्रकारची बोलणी सुरू झाली. एक म्हणतो, "जुने मशीन आता बंद पडणार, लगेच नवे घ्या." दुसरा म्हणतो, "काही होत नाही, चालते आहे तोवर चालू द्या." दोन्ही गोष्टी अर्धसत्य आहेत. अर्धसत्यावर सौदा करणारा शेवटी तोट्यात जातो. म्हणून कंपनीचे हे धोरण नेमके काय आहे, ते आपल्या धंद्याच्या भाषेत समजून घेऊ.

सपोर्ट म्हणजे काय?

विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. कारखान्यात मुकादम जसा कोणत्या कारागिराला कोणते काम, कोणता माल कुठे ठेवायचा हे पाहतो, तसे संगणकात विंडोजचे काम असते. आपले बिलाचे सॉफ्टवेअर, प्रिंटर, इंटरनेट हे सर्व तिच्या हुकुमात चालतात. या मुकादमाच्या कामात कधी ना कधी उणीव सापडतेच. चोर त्या उणिवेतून आत शिरतात. कंपनी ती उणीव बुजवून दुरुस्ती पाठवते. २००३ पासून मायक्रोसॉफ्टची पद्धत अशी आहे की दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी या दुरुस्त्या पाठवल्या जातात.

सपोर्ट संपला म्हणजे या दुरुस्त्या येणे थांबले. मशीन बंद पडत नाही. बिल निघते, प्रिंट येते, हिशेब उघडतो. पण त्या तारखेनंतर जी नवी भगदाडे सापडतील ती कंपनी बुजवणार नाही. दुकानाचे शटर रोज उघडते आणि मिटते, फक्त कुलूप मोडले तर दुरुस्त करणारा लोहार आता येणार नाही, असा हा प्रकार आहे.

अपडेट आणि अपग्रेड यांत फरक

हे दोन शब्द बाजारात एकाच अर्थाने वापरले जातात, पण ते वेगळे आहेत. अपडेट म्हणजे आहे त्याच विंडोजची डागडुजी. अपग्रेड म्हणजे एक विंडोज सोडून पुढच्या विंडोजवर जाणे, जसे ७ वरून १० वर किंवा १० वरून ११ वर. अपडेट लहान असते आणि ते वेळच्या वेळी घ्यावे. अपग्रेड मात्र जागा बदलण्यासारखे आहे. सामान बांधून, तपासून, सवडीच्या दिवशी करावे. ईदच्या सीझनमध्ये किंवा रिटर्न भरण्याच्या तारखेला ते करू नये.

मुदतीचा हिशेब

कंपनीचा जुना नियम साधारण दहा वर्षांचा होता. पहिली पाच वर्षे पूर्ण सेवा, म्हणजे सुधारणा आणि दुरुस्त्या दोन्ही. पुढची पाच वर्षे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिची मुदत संपली. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये आली, १४ जानेवारी २०२० रोजी संपली. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी आली आणि दहा वर्षांनी संपली.

विंडोज ११ चा हिशेब थोडा निराळा आहे. ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिची नवी आवृत्ती दर वर्षी निघते आणि घरगुती व प्रो प्रकारात प्रत्येक आवृत्तीला २४ महिने सेवा मिळते. म्हणजे "माझ्याकडे ११ आहे" एवढ्याने भागत नाही. कोणती आवृत्ती आहे तेही पाहावे लागते. उदाहरणार्थ, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ठेवलेली आहे. पुढची आवृत्ती घेतली की मुदत पुढे सरकते आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

कंपनी असे का करते? एकाच वेळी चार-पाच जुन्या विंडोज सांभाळणे खर्चाचे काम आहे, हे खरे. नवे विंडोज, नवी मशीन विकली जावीत हाही हेतू असतो, हेही खरे. जुने डिझाइन बंद करून नवे डिझाइन काढणाऱ्या गिरणीत आणि तिच्यात फरक नाही. पण एक गोष्ट कंपनीच्या बाजूने सांगितली पाहिजे. मुदत तिने लपवलेली नव्हती. विंडोज १० ज्या वर्षी आली त्याच वर्षी तिची शेवटची तारीख लिखित जाहीर झालेली होती. आपल्याकडे सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याची लेखी नोंद ठेवण्याचा आदेश आहे. लिहिलेली मुदत वाचण्याची जबाबदारीही मग व्यवहार करणाऱ्यावर येतेच.

धोका खरोखर किती?

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला झाला. दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी सुमारे ३०० डॉलरची खंडणी मागण्यात आली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या भगदाडातून हा हल्ला शिरला ते बुजवण्याची दुरुस्ती कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे दोन महिने आधीच पाठवली होती. बळी पडलेल्यांत बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती. त्यांचा सपोर्ट चालू होता, पण मालकांनी अपडेट घेतलेच नव्हते. यातून दोन धडे मिळतात. सपोर्ट असून अपडेट न घेणारा आणि सपोर्ट नसणारा, चोराच्या दृष्टीने दोघे सारखेच.

आपल्या देशात रिझर्व्ह बँकेनेही हा धोका ओळखला. एटीएममध्ये विंडोज एक्सपी चालत असल्याचे पाहून जून २०१८ मध्ये बँकांना आदेश देण्यात आला की जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम टप्प्याटप्प्याने सपोर्ट असलेल्या सिस्टिमवर आणावेत. ज्या पेढीच्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकला जातो, तिलाही हाच न्याय लागू आहे.

काही जण म्हणतात, "आमच्याकडे अँटिव्हायरस आहे." अँटिव्हायरस म्हणजे दारावरचा पहारेकरी. मागची भिंतच पडलेली असेल तर पहारेकरी काय करणार?

विंडोज १० वाल्यांपुढील मार्ग

पहिला मार्ग, विंडोज ११ वर जाणे. मूळ परवान्याची विंडोज १० असेल आणि मशीन अटीत बसत असेल तर हे अपग्रेड मोफत आहे. अटी अशा : किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत सॉफ्टवेअर दोन मिनिटांत मशीन बसते की नाही ते सांगते. अनेकदा टीपीएम मशीनमध्ये असते, फक्त बंद ठेवलेले असते. जाणकार मेकॅनिक ते चालू करून देतो. म्हणून "तुमचे मशीन चालणार नाही" असे कोणी म्हटले तर आधी ही तपासणी आपल्यासमोर करायला सांगा. अटीत न बसणाऱ्या मशीनवर युक्तीने ११ टाकून देणारेही आहेत. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

दुसरा मार्ग, वाढीव मुदत घेणे. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने एक वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची योजना जाहीर केली. त्यात सामील होण्याचे तीन प्रकार ठेवले : मायक्रोसॉफ्ट खात्याशी मशीनच्या सेटिंग जोडून विनामूल्य, कंपनीचे एक हजार रिवॉर्ड पॉइंट देऊन, किंवा ३० डॉलर अथवा तेवढी स्थानिक रक्कम भरून. मोठ्या कार्यालयांसाठी वेगळा दर आहे : पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, आणि जास्तीत जास्त तीन वर्षे. उशिरा आलेल्याला मागील वर्षाचेही पैसे भरावे लागतात. दर असे चढते ठेवण्याचा अर्थ उघड आहे. ही सवलत निघून जाण्यासाठी दिलेली आहे, कायम राहण्यासाठी नव्हे.

तिसरा मार्ग, लिनक्स. उबंटूसारख्या लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या मोफत मिळतात आणि त्यांना पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. ज्या मशीनवर फक्त इंटरनेट, पत्रव्यवहार आणि साधा तक्ता एवढेच काम आहे त्याला हा मार्ग स्वस्त आहे. मात्र आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे आधी विचारून घ्यावे.

चौथा मार्ग आपल्या कारागीर बांधवांसाठी. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी किंवा जॅकार्डच्या डिझाइनचे जुने सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल नव्या विंडोजवर चालेलच असे नाही. असे मशीन घाईने बदलू नका. त्याची इंटरनेटची तार काढून ठेवा, त्यावर बँक आणि ईमेल उघडू नका, डिझाइन पेनड्राइव्हने द्या आणि तो पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या, सपोर्ट असलेल्या मशीनवर तपासा. बाहेरच्या जगाशी संबंध नसलेले जुने मशीन आणखी बरीच वर्षे रोजी देऊ शकते.

परवान्याचा प्रश्न

आपल्या बाजारात मशीनबरोबर चोरीची विंडोज टाकून देण्याची रीत जुनी आहे. विकणारा म्हणतो, सगळेच असे करतात. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे संगणक प्रोग्रामची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या मालाची कोणी नक्कल करून आपलेच लेबल लावले तर आपण त्याला काय म्हणतो? हलाल कमाईचा हिशेब ठेवणारे मशीनही हलाल असावे. शिवाय विंडोजची मोडतोड करून दिलेल्या चोरीच्या प्रतीत अपडेट मुद्दाम बंद केलेले असते, किंवा आत आधीच चोर बसवलेला असतो.

परवाना घेताना एक फरक ध्यानात ठेवा. मशीनबरोबर आलेला ओईएम परवाना त्याच मशीनशी बांधलेला असतो. मशीन गेले की तो गेला. वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतो. बिलावर कोणता प्रकार आहे ते लिहून घ्या.

आधी हे करा

कोणताही मार्ग घ्या, त्याआधी हिशेबाच्या तीन प्रती असू द्या : एक मशीनवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुकानाबाहेर दुसऱ्या ठिकाणी. हार्डडिस्क प्रत घेतल्यावर काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर हल्ल्यात तीही कुलूपबंद होते. प्रत उघडते की नाही हे महिन्यातून एकदा पाहावे.

पेढीत चार मशीन असतील तर आधी एकावर अपग्रेड करा. बिल, प्रिंटर, बारकोड, डिजिटल सही सर्व चालते याची आठवडाभर खात्री करून मग बाकीची तीन. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकाच दिवशी बंद पडली, विमाने जमिनीवर राहिली. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, हे तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनाही कळले.

आणि "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या विंडोजची मुदत संपली" असा फोन आला तर तो ठेवून द्या. ही कंपनी आपण न विचारता असा फोन करत नाही आणि तिच्या इशाऱ्याच्या संदेशात फोन नंबर नसतो. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी.

बांधवांनो, पेढीच्या मशीनमध्ये फक्त आपला नफा-तोटा नसतो. कोणाची उधारी, कोणाचा जीएसटी क्रमांक, कोणाचे बँक खाते त्यात लिहिलेले असते. ही दुसऱ्यांची अमानत आहे. कुलूप जुने झाले म्हणून दुकान विकायचे नाही, आणि मोडके कुलूप तसेच ठेवून घरी झोपायचेही नाही. आज मशीनवर कोणती विंडोज आहे ते पाहा, तिची मुदत कागदावर लिहून गल्ल्याजवळ लावा आणि त्याप्रमाणे सवडीने, हिशेबाने खर्च करा. घाबरून केलेल्या खरेदीपेक्षा हा मार्ग इन्शाअल्लाह स्वस्त पडेल.