घाऊक प्लॅटिनम : शिक्क्यापलीकडची पारख

दागिन्यावर ‘९५०’ कोरलेलं असेल, तर हजार भागांत ९५० भाग शुद्ध प्लॅटिनम असायला हवं. पण तो आकडा कोणीही कोरू शकतो. ब्रिटनमध्ये १९७५ पासून अर्ध्या ग्रॅमहून जड प्लॅटिनमला हॉलमार्क सक्तीचा आहे. भारतात २०२१ची सक्ती सोन्यापुरतीच. त्यामुळे आयात करणाऱ्या सराफाला खात्री स्वतःच करून घ्यावी लागते.

कस्टम्सचे कागद त्यासाठी पुरेसे नाहीत. सीमाशुल्काच्या नियमांत वजनाने २ टक्के प्लॅटिनम असलेला मिश्रधातूही ‘प्लॅटिनमचा मिश्रधातू’ ठरतो. याच पळवाटेने बहुतांश सोनं असलेला माल प्लॅटिनम म्हणून भारतात आला होता.

पहिली चाळणी पाण्यातली. बिनखड्याची, भरीव, दहा ग्रॅमची अंगठी दोऱ्याने पाण्यात टांगून तोलली, की ९५० प्लॅटिनमचं वजन साधारण अर्ध्या ग्रॅमने घटतं. तेवढ्याच चांदीचं जवळजवळ एक ग्रॅमने. लोहचुंबकावर मात्र विसंबू नये. कोबाल्ट मिसळलेलं अस्सल प्लॅटिनमही किंचित ओढलं जातं.

एक्सआरएफ यंत्र दागिना न मोडता धातू सांगतं, पण वरच्या थरापुरतंच. जाड मुलामा त्याला फसवू शकतो. म्हणून मोठ्या खेपेतले दोन-चार नग कापून प्रयोगशाळेत तपासावेत. नग खरेदीदाराने स्वतः निवडावेत, पुरवठादाराने पुढे केलेले घेऊ नयेत. साखळीचा फासा आणि डाग दिलेला सांधाही वेगळा तपासावा, कमी कसाचा धातू तिथे सहज खपून जातो. उरलेली रक्कम अहवाल हाती आल्यावरच द्यायची, ही अट सौद्याच्या कागदावर आधीच लिहून घ्यावी.