पीसी म्हातारा झालाय? भंगारात नको!

बटण दाबून आंघोळ उरकली तरी पडद्यावर चक्र फिरतंच? मंडळी, नवीन पीसी घ्यायच्या आधी जरा थांबा. पनवेलच्या आमच्या घरातला पीसी २०१५चा. त्यावर बाबांचं नेट बँकिंग आणि अख्ख्या घराचे फोटो.

खरी आळशी असते हार्ड डिस्क. तिच्यातली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते, तेव्हा कुठे फाइल सापडते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती सुसाट! मी फोटोंचा बॅकअप घेतला, शनिवारी लोकल पकडून लॅमिंग्टन रोड गाठला, एसएसडी आणली, रॅम ४ची ८ जीबी केली. रॅम घेताना डीडीआर३ की डीडीआर४, हे मात्र तपासा.

पण नुसत्या स्पीडने भागत नाही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि इतक्या जुन्या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. बँकेचा पासवर्ड टाकायचा तर हा धोका कशाला? मी लिनक्स मिंट टाकलं. फुकट, हलकं आणि अपडेट्स चालू. बाबांना दोन दिवसांत जमलं, तुम्हाला का नाही जमणार?