इअरबडची परीक्षा पखवाजावर

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला भाविक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. अशा ठिकाणच्या भजनाचं ध्वनिमुद्रण इअरबड पारखायला उत्तम. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापली की ती जड होऊन संथ कंपते. तो खर्ज नीट घुमला पाहिजे. टाळ खणखणीत वाजावेत, पण टोचू नयेत. खर्ज पोकळ वाटला तर आधी रबरी टोपी बदला. कानात फट राहिली की खालचे स्वर निसटतात. दोन जोड्यांची तुलना आवाज सारखा ठेवूनच करा, कारण मोठा आवाज उगाच सरस भासतो. अर्धा तास घालून बोला, काही चावून पाहा. कान दुखला तर नापास. आवाजाची मर्यादाही पाळा: जागतिक आरोग्य संघटनेनुसार ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास.