दरवाजा कधी उघडायचा?

गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की नाशिककर क्युसेकची भाषा बोलत नाहीत. ‘पाणी दुतोंड्याच्या कमरेला लागलं’, ‘छातीपर्यंत आलं’, ‘गळ्याशी आलं’ ही इथली मोजपट्टी. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पिढ्यान्‌पिढ्या हे काम बिनपगारी करतो आहे. सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल इथले दुकानदार त्याच्याकडे बघूनच माल वरच्या मजल्यावर हलवतात. अभियंत्याच्या भाषेत मारुती हा सेन्सर झाला आणि त्याचं माप चोख आहे. अडचण एकच: त्याच्या कमरेला लागलेलं पाणी गंगापूर धरणातून कधीच निघून गेलेलं असतं. आता दरवाजे बंद केले तरी वाटेतलं पाणी येणारच.

कंट्रोल सिस्टीम्स किंवा नियंत्रण प्रणाली हा विषय आपल्याकडे इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांना शिकवतात. बहुतेक जण त्याला गणिताचा पेपर समजून पास होतात आणि विसरतात. मूळ प्रश्न गणिताचा नाही. एखादी गोष्ट आपल्याला हवी तशी ठेवायची आहे, बाहेरून धक्के बसत आहेत आणि आपण केलेल्या उपायाचा परिणाम उशिरा दिसणार आहे. अशा वेळी किती करायचं आणि कधी करायचं? नाशिकच्या वरच्या अंगाला हा प्रश्न दर पावसाळ्यात उभा राहतो.

या प्रश्नाचं एक जुनं उत्तर देणाऱ्या माणसाची नोकरी नाशिकमध्येच सुरू झाली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली पहिल्या नंबरानं पास झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, ते नाशिकला. पुढे पुण्याला असताना त्यांच्यापुढे खडकवासल्याचा पेच आला. तलावात आणखी पाणी साठवायचं होतं, पण सांडव्याची भिंत कायमची उंच केली तर मोठ्या पुरात धरणालाच धोका. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले, १९०३ मध्ये. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजे आपसूक उघडायचे, पातळी उतरली की आपसूक मिटायचे. ना इंजिन, ना हाक मारायला चौकीदार. तलावाची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढवता आली. या रचनेचं त्यांनी पेटंट घेतलं आणि तसे दरवाजे पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही बसले.

गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आणि विश्वेश्वरय्यांचा दरवाजा ही एकाच कुळातली भावंडं. दोघांच्या पोटात चारच गोष्टी आहेत. हवी ती पातळी, म्हणजे सेट पॉइंट. प्रत्यक्ष पातळी मोजणारं काहीतरी, म्हणजे सेन्सर. दोघांतला फरक, त्याला एरर म्हणतात. आणि तो फरक मिटवण्यासाठी हलणारा अवयव, झडप किंवा दरवाजा. परिणाम मोजून तो पुन्हा निर्णयाकडे वळवला की फीडबॅक झाला, लूप पूर्ण झाला. सिग्नलचा दिवा रस्ता रिकामा असो की तुंबलेला, ठरलेल्या सेकंदांनी बदलतो. तिथे लूप उघडा आहे, आणि त्याची फळं द्वारका चौकात कुणालाही चाखता येतात.

आता गंगापूर धरणावर येऊ. १९६५ साली पूर्ण झालेलं हे मातीचं धरण. त्याची साठवण वर्तमानपत्रं ५,६३० दलघफू, म्हणजे दशलक्ष घनफूट, अशी छापतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. १० हजार क्युसेकची आवक तासभर टिकली तर ३६ दलघफू पाणी जमतं. हा गुणाकार एकदा स्वतः करून पाहिला की पुराच्या बातम्या वेगळ्या दिसायला लागतात.

समजा, धरण ९० टक्के भरलं आहे. जागा उरली ५६३ दलघफू. त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस कोसळतोय आणि आवक २० हजार क्युसेक झाली. तासाला ७२ दलघफू. म्हणजे आठ तासांत धरण काठोकाठ. ड्यूटीवरच्या अभियंत्यानं ‘अजून भरलं नाही ना’ म्हणून वाट पाहिली, तर आठव्या तासाला त्याला २० हजारांची आवक जशीच्या तशी खाली सोडावी लागेल. मातीच्या धरणावरून पाणी ओसंडू देणं हा पर्याय त्याच्याकडे नाहीच. उलट पहिल्याच तासाला ५ हजार सोडले तर धरण भरायला दहा तासांहून जास्त मिळतात, खालच्या वस्त्यांना सावध करता येतं आणि तोवर पाऊस ओसरला तर मोठा विसर्ग टळतोही. पाणी तेच, धरण तेच; फरक फक्त कधी हललात याचा.

वाट पाहणारा आणि आधी पाणी सोडणारा, दोन्ही अभियंते पातळीच बघत होते. दुसऱ्यानं पातळी किती वेगानं चढतेय तेही बघितलं. हे जहाजावरच्या सुकाणूवाल्यांकडून शिकून कागदावर आणलं निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्यानं. १९२२ साली अमेरिकी युद्धनौकेच्या स्वयंचलित सुकाणूवर काम करताना त्यानं पाहिलं, की मुरलेला सुकाणूवाला तीन गोष्टींचा अंदाज घेतो: जहाज आत्ता किती भरकटलंय, गेला बराच वेळ एकाच बाजूला सरकत राहिलंय का, आणि भरकटण्याचा वेग काय आहे. वर्तमान, भूतकाळ आणि भविष्याचा अंदाज. या तिघांची बेरीज म्हणजे आजचा पीआयडी कंट्रोलर. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत भट्टीचं तापमान असो की वायनरीतल्या टाकीचा गारवा, पॅनेलवर हीच तीन अक्षरं भेटतात. तिन्हींना किती वजन द्यायचं ते ठरवणं म्हणजे ट्यूनिंग, आणि चांगला ट्यूनिंग करणारा माणूस आजही कारखान्यात भाव खातो.

वजन कमी दिलं तर प्रणाली आळशी होते. जास्त दिलं तर त्याहून वाईट: उपाय लक्ष्याच्या पलीकडे जातो, मग उलटा उपाय, मग पुन्हा सुलटा. याला कारखान्यात ‘हंटिंग’ म्हणतात. जेम्स वॉटनं १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला तेव्हापासून हा रोग माहीत होता. इंजिन स्थिर का राहतं आणि कधी बिथरतं याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६८ मध्ये एका निबंधात मांडलं. फीडबॅक हे औषध आहे आणि त्याचा डोस चुकला तर तेच दुखणं होतं, हे त्या निबंधापासून सगळ्यांना मान्य आहे.

हंटिंगचा सर्वांत मोठा दोस्त म्हणजे उशीर. सोडलेलं पाणी सोमेश्वर, आनंदवलीवरून शहरातल्या रामकुंडावर यायला वेळ घेतं, आणि त्यात शहरात पडलेला पाऊस, नाले, वाघाडीसारख्या उपनद्या आपापलं पाणी घालतात. त्यांवर कुठलाही दरवाजा नाही. फक्त रामकुंडाकडे बघून विसर्ग ठरवणारा कायम एक पाऊल मागे राहील. इलाज म्हणजे धक्का बसण्याआधीच तो मोजायचा: पाणलोटातली पर्जन्यमापकं, वरच्या अंगाचे प्रवाह, हवामानाचा अंदाज. याला फीड फॉरवर्ड म्हणतात. अंदाज चुकतात म्हणून फीडबॅक लागतो आणि फीडबॅक उशिरा येतो म्हणून अंदाज लागतो. एकाला सोडून दुसऱ्याचं भागत नाही.

आणि सेट पॉइंट तरी कुणाचा? महिनावार किती साठा ठेवायचा याची जलाशय परिचालन सूची असते. पावसाळ्याच्या मध्यावर पुरासाठी जागा मोकळी हवी आणि पाऊस संपताना धरण भरलेलं हवं. ऑगस्टमध्ये पाणी सोडलं आणि सप्टेंबर कोरडा गेला तर शहर बोल लावणार. शिवाय खाली जायकवाडी धरण आहे आणि पाण्याच्या समन्यायी वाटपाचा वाद आहे. कुठलाही कंट्रोलर दोन मालकांची दोन लक्ष्यं एकाच दरवाजानं पूर्ण करू शकत नाही. हा भाग अभियांत्रिकीचा नसून राजकारणाचा आहे, आणि तो अभियंत्याच्या गळ्यात मारला जातो.

धरणाचं घड्याळ तासांचं. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात ते सेकंदांचं होतं. २१० मेगावॉटच्या संचांची टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेते, म्हणून विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ. कुठेतरी लाखो पंप एकदम सुरू झाले की सगळ्या ग्रिडची गती किंचित मंदावते आणि ठिकठिकाणचे गव्हर्नर वाफेची झडप थोडीथोडी उघडतात. कुणी कुणाला फोन करत नाही. वारंवारता हाच निरोप. हा तोल ढळला की काय होतं ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतानं अंधारात बसून पाहिलं.

ओझरला घड्याळ मिलिसेकंदांवर येतं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यातून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क १ए उडालं. हे विमान मुद्दाम अस्थिर बनवलेलं आहे, कारण अस्थिर विमान चपळाईनं वळतं. वैमानिक एकट्यानं ते सरळ धरू शकणार नाही. चार समांतर वाहिन्यांची संगणक प्रणाली अखंड मोजते, दुरुस्त करते, पुन्हा मोजते. तिथे फीडबॅक काढून घेतला तर विमान हवेत टिकणार नाही. गंगापूरवर जो उशीर तासाभराचा चालून जातो, तो इथे क्षणाचाही परवडत नाही.

पुन्हा गोदावरीकडे येऊ. पुरानंतर ‘विसर्ग उशिरा केला’ एवढा एकच आरोप मला अपुरा वाटतो. १९ सप्टेंबर २००८ च्या पुरानंतरही तो झाला, आणि विसर्गाच्या वेळेची चौकशी व्हायलाच हवी. पण नियंत्रणशास्त्रात दरवाजाइतकंच महत्त्व ज्यावर नियंत्रण करायचं त्या वस्तूला असतं. नदीचं पात्र अरुंद केलं, तळाला काँक्रीट ओतलं, निळ्या-लाल पूररेषा आखून त्यांच्या आत बांधलं, तर काल सुरक्षित असलेला विसर्ग आज पूर आणतो. कंट्रोलर जुन्या नदीसाठी ट्यून केलेला आणि नदी नवी. हा दोष धरणावरच्या केबिनमधून दुरुस्त होत नाही.

दिंडोरी रोडवर १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, आहे. धरणांची संकल्पचित्रं करणारी मध्यवर्ती संघटनाही नाशिकमध्येच आहे. धरण, नदी, उपनद्या आणि शहराचे नाले यांचं एकत्र गणित, पावसाच्या अंदाजासकट, करण्याइतकं ज्ञान या गावात आहे. ते रोजच्या विसर्गाच्या निर्णयापर्यंत पोचावं आणि त्याचे आकडे लोकांना तासागणिक दिसावेत, एवढी मागणी नाशिककरांनी लावून धरावी. २०१६ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला तो २ ऑगस्टला. २०२७ च्या सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नानही २ ऑगस्टलाच आहे.