नोंदी आणि नाती – भाग ९ : रिकामा रकाना

जॉइनचं प्रकरण आज सुरू करायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मधल्या काळात पतसंस्थेत संगणकाचं काम पाहणाऱ्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं. त्यांच्या प्रश्नाचा उलगडा न करता जॉइनकडे गेलो, तर पुढे पावलोपावली अडखळायला होईल. शिवाय हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. या कामात इतकी वर्षं काढूनही 'नल'बद्दलचं माझं कुतूहल संपलेलं नाही.

त्यांच्याकडे दोन टेबलं आहेत, सभासद आणि कर्ज. कर्जाच्या टेबलात जामीनदाराचा सभासद क्रमांक लिहायला एक कॉलम आहे. व्यवस्थापकांनी यादी मागितली : आजवर कुणालाही जामीन न राहिलेले सभासद कोण? यांनी सरळ क्वेरी लिहिली. सभासद टेबलातल्या अशा ओळी द्या, ज्यांचा क्रमांक कर्ज टेबलातल्या जामीनदारांच्या क्रमांकांत 'नॉट इन' आहे. उत्तरात एकही ओळ आली नाही. एरर नाही, इशारा नाही, नुसतं रिकामं उत्तर. 'नॉट' काढून फक्त 'इन' ठेवलं की जामीनदारांची यादी मात्र बिनचूक येते. 'मग उरलेले सभासद गेले कुठे?' असं त्यांनी विचारलं आहे.

मी उलट विचारलं, की तुमच्या संस्थेत सोनेतारण कर्ज देतात का? देतात. त्याला जामीनदार लागतो का? नाही, सोनंच तारण असतं. म्हणजे त्या कर्जांच्या ओळींत जामीनदाराचा रकाना रिकामा आहे, त्यात नल आहे. उरलेल्या सभासदांना अडवून धरलं आहे ते या रिकाम्या रकान्यांनी.

कसं, ते एका ओळीवर करून पाहू. जामीनदारांच्या कॉलममध्ये १२, ४७ आणि एक नल एवढंच आहे असं समजा. सभासद क्रमांक १०५ यादीत यायला हवा. 'नॉट इन'चा अर्थ डेटाबेस असा लावतो : १०५ हा १२ पेक्षा वेगळा आहे, आणि ४७ पेक्षा वेगळा आहे, आणि नलपेक्षा वेगळा आहे. पहिली दोन विधानं खरी. तिसऱ्याचं काय? नल म्हणजे तिथे काय आहे ते ठाऊक नाही. जे ठाऊकच नाही ते १०५ पेक्षा वेगळं आहे की नाही, हे कोण सांगणार? डेटाबेस उत्तर देतो 'अननोन', अज्ञात. खरं आणि खरं आणि अज्ञात, यांची एकत्र किंमत अज्ञात. आणि 'व्हेअर'च्या दारातून फक्त 'खरं' ठरलेली ओळच आत येते. १०५ बाहेर राहिला. १०६, १०७ यांचंही तेच. जामीन राहिलेल्यांसाठी अट खोटी, न राहिलेल्यांसाठी अज्ञात, त्यामुळे खरी कुणासाठीच नाही.

नुसतं 'इन' का चाललं तेही यातच आहे. तिथे विधानं 'किंवा'ने जोडली जातात. एक जरी खरं निघालं, तरी सोबतच्या अज्ञाताने काही बिघडत नाही.

मला यातली गंभीर बाब वेगळीच वाटते. पहिलं सोनेतारण कर्ज नोंदवलं जाईपर्यंत हीच क्वेरी अगदी बरोबर उत्तर देत असणार. क्वेरीतलं एक अक्षर बदललं नाही, टेबलाची रचना बदलली नाही, काउंटरवर कुणीतरी एक योग्य नोंद योग्य रीतीने केली आणि अहवाल रिकामा झाला. इथे निदान उत्तर पूर्ण रिकामं होतं म्हणून संशय तरी आला.

आपल्या सर्वांना शाळेपासून खरं आणि खोटं या दोनच किमतींची सवय. रिलेशनल डेटाबेसमध्ये तिसरी किंमत आली ती एडगर कॉड यांच्यामुळे. त्यांची ओळख पूर्वीच्या भागात झालीच आहे. गंमत अशी, की १९७० च्या ज्या लेखाने हे शास्त्र उभं राहिलं, त्यात नलचा विचार नव्हता. १९७९ च्या लेखात त्यांनी तीन किमतींचं तर्कशास्त्र मांडलं. १९८५ मध्ये 'कॉम्प्युटरवर्ल्ड'मधून त्यांनी प्रसिद्ध बारा नियम जाहीर केले, त्यातला तिसरा नियम नलचाच : अनुपस्थित माहिती दाखवायची पद्धतशीर सोय हवी, आणि ती शून्य किंवा कोऱ्या अक्षरांपासून वेगळी हवी. पुढे १९९० च्या पुस्तकात त्यांना एक नलही पुरेना. माहिती असायला हवी पण अजून मिळालेली नाही, त्याला एक खूण. आणि माहिती इथे लागूच होत नाही, त्याला दुसरी. तर्कशास्त्र तीनवरून चार किमतींवर गेलं. एसक्यूएलने ही दुसरी पायरी कधी स्वीकारली नाही.

वाचक भगिनींच्या टेबलात कॉड यांचे हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बसलेले आहेत. सोनेतारण कर्जाला जामीनदार लागूच नाही. पण परवा मंजूर झालेल्या एखाद्या साध्या कर्जात जामीनदाराचा फॉर्म यायचा राहिला असेल, तर तो रकानाही नलच. एकाचा पाठपुरावा करायचा आहे, दुसऱ्याचा नाही. टेबलाकडे पाहून ते कळत नाही.

आता हा अज्ञात निकाल सगळीकडे सारखा वागवला असता, तर लक्षात ठेवायला सोपं गेलं असतं. तसं नाही. 'व्हेअर' अज्ञाताला बाहेर ठेवतं, पण 'चेक' बंधन त्याला आत घेतं. व्याजदर शून्यापेक्षा जास्त असावा असं चेक बंधन घातलंत आणि कुणी व्याजदर भरलाच नाही, तर ओळ बिनबोभाट स्वीकारली जाते, कारण अट खोटी ठरलेली नाही. म्हणून चेकच्या जोडीला 'नॉट नल' लिहायचं. नल बरोबर नल का, या प्रश्नाचं उत्तर अज्ञात. तरीही 'ग्रुप बाय' करताना सगळे नल एकाच गटात बसतात. आणि 'युनिक' बंधनात तर प्रत्येक घराण्याची रीत निराळी. पॅन क्रमांकाच्या कॉलमवर युनिक घातलं आणि अनेक सभासदांचा पॅन आलेला नसेल, तर पोस्टग्रेस, ओरॅकल आणि मायएसक्यूएल ते चालवून घेतात. एसक्यूएल सर्व्हर एकच नल चालवतो, दुसऱ्याला अडवतो. पोस्टग्रेसने २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीपासून दोन्ही रीतींतली हवी ती निवडायची मुभा दिली.

बेरजेचंही पाहून घ्या, कारण पतसंस्थेत हे रोज लागणार. दोन खाती आहेत. पहिल्यात मुद्दल १,००० आणि व्याज ५०. दुसऱ्यात मुद्दल २,००० आणि व्याज नल. मुद्दलाची 'सम' आणि व्याजाची 'सम' वेगवेगळी काढून मिळवली तर ३,०५० येतात. प्रत्येक ओळीत मुद्दल अधिक व्याज करून मग 'सम' काढली तर १,०५० येतात. कारण २,००० अधिक अज्ञात म्हणजे अज्ञात, आणि 'सम' नलला वगळून पुढे जातं. दोन हजार रुपये अहवालातून गळले आणि दोन्ही क्वेऱ्या दिसायला सारख्याच शहाण्या. 'कोअलेस' वापरून नलच्या जागी शून्य धरता येतं, पण ते लिहिण्याआधी एक प्रश्न विचारावा : व्याज शून्य आहे, की अजून आकारलेलं नाही? उत्तर शाखेत मिळतं, संगणकात नाही.

मराठी माणसांच्या नावांच्या याद्या करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव, असे आपले तीन कॉलम. मधलं नाव नल असेल आणि तिन्ही तुकडे दोन उभ्या रेघांच्या चिन्हाने जोडले, तर पोस्टग्रेसमध्ये पूर्ण नावच नल होतं. माणूस आडनावासकट नाहीसा. ओरॅकलमध्ये तसं होत नाही, उरलेली दोन नावं जुळून येतात. कारण ओरॅकल कोऱ्या अक्षरमालेला आणि नलला एकच मानतं. कॉड यांच्या तिसऱ्या नियमाशी हे जुळत नाही, पण त्यावर विसंबून लिहिलेला कोड अमाप आहे. ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जाणाऱ्यांनी नावं जोडण्याच्या जागा आधी शोधून 'कॉन्कॅट डब्ल्यूएस' हे फंक्शन वापरावं. ते नल तुकडा सोडून बाकीचे जोडतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, की ही कटकट हवीच कशाला? सगळे कॉलम नॉट नल करून टाकू. हा उपाय मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. का, ते समजायला संगणकाची गरज नाही. महाराष्ट्रात आपल्या वडीलधाऱ्यांच्या जन्मतारखा पाहा. पोराला शाळेत घालायला आणलं, जन्मतारीख घरात कुणालाच ठाऊक नाही, पण दाखल रजिस्टरमध्ये तो रकाना भरायलाच हवा. गुरुजींनी वय बेताने ठरवलं आणि १ जून लिहिलं. मग तीच तारीख दाखल्यावर, नोकरीत, पेन्शनच्या कागदांत, आधारवर गेली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मे रोजी राज्यभरच्या कार्यालयांत निवृत्तीच्या समारंभांची गर्दी असते.

गुरुजींना दोष देण्यासारखं यात काही नाही. त्यांनी पोराला शाळेत घेतलं, ते महत्त्वाचं. पण नोंदीच्या दृष्टीने पाहिलं तर तो रकाना नॉट नल होता आणि त्यामुळे एक अंदाज कायमचा सत्य बनला. आज कोणत्याही टेबलातली १ जून ही तारीख घ्या. ती खरी की गुरुजींची, हे सांगता येत नाही. खरोखर १ जूनला जन्मलेल्यांची नोंदही त्यात हरवली. नल असता तर निदान इतकं कळलं असतं, की इथे विचारायचं बाकी आहे. संगणकावरही हेच चालतं : मोबाईल क्रमांक सक्तीचा केला की दहा नऊ येतात, जन्मतारीख सक्तीची केली की १ जानेवारी येते. नल क्वेरीत त्रास देतो, पण तो आपल्या अज्ञानाची प्रामाणिक नोंद असतो. खोटी तारीख क्वेरीत काहीच त्रास देत नाही आणि म्हणूनच ती सापडत नाही.

नलचे खरे विरोधकही आहेत आणि त्यांचं म्हणणं वजनदार आहे. क्रिस डेट हे कॉड यांचे आयबीएममधले सहकारी. रिलेशनल विचार जगभर पोहोचवण्यात त्यांच्या पाठ्यपुस्तकाचा मोठा वाटा. या एका मुद्द्यावर मात्र ते कॉड यांच्या विरुद्ध उभे राहिले, आणि ह्यू डार्वेन त्यांच्या बाजूने. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : टेबलातली प्रत्येक ओळ हे एक विधान आहे. 'अमुक कर्जाला तमुक सभासद जामीन आहे.' तमुकच्या जागी भोक पडलं, तर ते विधान राहतच नाही. मग ते या टेबलात ठेवायचं कशाला?

जामीनदारांच्या बाबतीत मी पूर्णपणे डेट यांच्या बाजूचा आहे. वाचक भगिनींनी जामीनदाराचा कॉलम कर्जातून काढावा आणि वेगळं टेबल करावं, त्यात कर्ज क्रमांक आणि सभासद क्रमांक, दोन्ही नॉट नल. सोनेतारण कर्जाची तिथे ओळच नसेल. आणि ज्या कर्जाला दोन जामीनदार आहेत, त्याच्या दोन ओळी सुखाने बसतील. सध्याच्या एका कॉलममध्ये दुसरा जामीनदार कुठे लिहितात, हे मला त्यांना विचारायचंच आहे. पण जन्मतारखेसाठी वेगळं टेबल, पॅनसाठी वेगळं, मधल्या नावासाठी वेगळं, असं करत गेलो तर एका सभासदाची माहिती दहा ठिकाणी विखुरते. तिथे मी कॉड यांच्याबरोबर. लागूच नसेल तर वेगळं टेबल, यायचं राहिलं असेल तर नल, असा माझा रिवाज आहे.

टेबलं बदलायला वेळ लागेल, यादी मात्र व्यवस्थापकांना आजच हवी असणार. तेव्हा 'नॉट इन' काढून 'नॉट एक्झिस्ट्स' लिहा : ज्याचा जामीनदार हा सभासद आहे, असं एकही कर्ज अस्तित्वात नसावं. आतली तुलना अज्ञात निघाली तर ती ओळ आतच गळते, आणि बाहेर प्रश्न उरतो तो ओळ आहे की नाही एवढाच. त्याचं उत्तर हो किंवा नाही. तिसरं येऊच शकत नाही.

हीच यादी लेफ्ट जॉइननेही काढता येते. तिथे डेटाबेस स्वतः नल तयार करतो, जे दोन्हीपैकी एकाही टेबलात नव्हते असे. वेगळं टेबल करून हाकललेला नल त्या वाटेने उत्तरात परत येतो, आणि त्या वेळी तो हवाच असतो. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करू. सभासद आणि जामीनदार ही दोन टेबलं कागदावर पाच-पाच ओळींची आखून ठेवा, आणि त्यातला एक सभासद कुणालाच जामीन न राहिलेला असू द्या.